बिल्ला टांगा, पाना न्या

आमच्या घरात कात्री कधीच जागेवर सापडत नाही. पण मागच्या शेडमधल्या फळीवर कुठला पाना कुठल्या खिळ्याला आहे, ते घरातलं कोणीही डोळे मिटून सांगेल. ती फळी माझ्या सासऱ्यांची, म्हणजे बाबांची. भिंतभर प्लायवूड, त्यावर प्रत्येक हत्याराभोवती पेन्सिल फिरवून मग पांढऱ्या रंगाने गिरवलेला त्याचा आकार, आणि आकाराच्या डोक्याशी एक खिळा. हत्यार जागेवर असलं की आकार झाकला जातो. नसलं की नुसती पांढरी रेघ दिसते, आणि खिळ्याला कोणाची तरी वस्तू लटकत असते. टोपी, किल्ल्यांचा जुडगा, छत्री. एकदा तर कानाचं यंत्र होतं, आणि त्याच्या मालकाशी दोन दिवस गल्लीतल्या सगळ्यांना ओरडून बोलावं लागलं होतं.

नियम एवढाच, की हत्यार शेडच्या उंबऱ्याबाहेर न्यायचं तर त्याच्या खिळ्याला स्वतःची वस्तू टांगायची. तीही अशी, की जी जवळ नसली तर आपलं अडेल. हत्यार पुसून, तेलाचा हात फिरवून परत लावलं की आपली वस्तू घ्यायची आणि जायचं. बाबा त्या वस्तूला बिल्ला म्हणतात.

मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात कुकरच्या दांड्याचा स्क्रू ढिला झाला म्हणून शेडमधून स्क्रूड्रायव्हर उचलला. बाबा माझ्यामागे स्वयंपाकघरापर्यंत आले आणि हात पुढे करून म्हणाले, "बिल्ला?"

"अहो बाबा, मी घरातली आहे."

"घरच्यांचा तर आधी. बाहेरचा माणूस हत्यार परत आणतो. घरचा कोनाड्यात ठेवतो आणि विसरतो."

माझा राग नाकावर असतो, हे तेव्हा त्या घराला माहीत नव्हतं. मी तरातरा शेडमध्ये गेले आणि पायातली एक चप्पल काढून खिळ्याला अडकवली. मला वाटलं, आता चिडतील. त्यांनी चप्पल सरळ केली, जरा मागे सरून बघितली आणि म्हणाले, "चांगला आहे बिल्ला. एका चपलेने तुला कामावर जाता येणार नाही." सासूबाई दाराआड पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी स्क्रू पिळला आणि लंगडी घालत स्क्रूड्रायव्हर परत लावून आले.

मी लाँड्रीच्या काउंटरवर बसते. पावती हरवलेली माणसं रोज माझ्याशी भांडतात, "अहो, तो निळा शर्ट माझाच, मी सांगतोय ना!" पावतीशिवाय दुसऱ्याचा कपडा कोणाच्या हातात देणं किती महागात पडतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून असेल, राग उतरल्यावर मला तो नियम पटला. माझ्या नवऱ्याला मात्र तो आयुष्यात कधी पटला नव्हता.

बाबांनी ही रीत कारखान्यातून आणली. तिथे ते टूलरूमचे स्टोअरकीपर. जाळीची एक खिडकी, आत मांडण्यांवर हजार हत्यारं, आणि खिडकीत बाबा. कामगार यायचा, आपल्या नंबरचा पितळी बिल्ला द्यायचा, हत्यार न्यायचा. बिल्ला हत्याराच्या जागी टांगला जायचा. भोंगा वाजला की बाबा मांडण्यांवरून एक नजर फिरवायचे, आणि कुठल्या जागी बिल्ला उरलाय त्यावरून कोण अजून मशीनवर आहे ते त्यांना कळायचं. सगळी नोकरी त्यांनी अशी लोकांच्या हातात हत्यारं देत काढली. स्वतः एक नटही पिळला नाही. ते काम त्यांचं नव्हतंच.

निवृत्त झाल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर आमच्या जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं. सासूबाई म्हणतात, "आयुष्यभर पंगतीला वाढलं बाई ह्यांनी. आता स्वतः पानावर बसलेत. बसू दे."

हे पानावर बसणं सुरुवातीला फार गमतीचं होतं. पहिल्यांदा तेल बदललं तेव्हा खाली भांडं ठेवायचं राहिलं, आणि अंगण पुढे कितीतरी दिवस काळंकुळकुळीत होतं. पुस्तकं आणून, एकेक चित्र डोळ्यांजवळ धरून ते वाचायचे. हळूहळू जमायला लागलं. हात मंद, पण एकदा केलेलं काम पुन्हा करावं लागायचं नाही. आणि मग हत्यारांची खरेदी सुरू झाली. इंजिनाची खोड अशी, की त्यातल्या काही कामांना घरातले साधे पाने चालतच नाहीत. एका पुलीसाठी एक पुलर, एका फटीत घालून बघायला पातळ पत्र्यांचा फीलर गेज, व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबून धरायला एक वाकडा शिकंजा. वर्षातून एकदा लागणार, आणि किंमत ऐकून घेरी यावी अशी. बाबा ती भाजीच्या पिशवीतून, वर मेथीची जुडी ठेवून घरात आणायचे. सासूबाई जुडी उचलायच्या, खालचा खोका बघायच्या आणि जुडी परत ठेवायच्या. "नवी सवत आली," एवढंच म्हणायच्या. "हिला मेथी खायला घालू की तेल?"

गल्लीला मात्र ह्या सवती फळल्या. कोपऱ्यावरचा बेकरीवाला आपल्या व्हॅनसाठी पुलर न्यायचा आणि पिठाने पांढरी झालेली टोपी टांगून जायचा. समोरच्या शिकवणीवाल्या बाई स्कूटरसाठी प्लगचा पाना न्यायच्या. त्यांनी एकदा बिल्ला म्हणून चष्मा टांगला आणि मग चष्म्याशिवाय त्यांना प्लगच दिसेना. अर्ध्या तासात हात काळे करून परत आल्या. "आजोबा, बिल्ला बदलून मिळेल का?" बाबांनी गंभीरपणे चष्मा दिला आणि त्यांची घराची किल्ली घेतली.

स्वतः बाबाही नियमातून सुटलेले नव्हते. हत्यार शेडबाहेर न्यायचं झालं की ते मनगटावरचं घड्याळ काढून खिळ्याला लावायचे. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने दिलेलं ते घड्याळ. पाठीवर कारखान्याचं नाव कोरलेलं. ज्या माणसाने उभा जन्म दुसऱ्यांचे बिल्ले सांभाळले, त्याला कारखान्याने स्वतःचा बिल्ला कधी दिलाच नव्हता, म्हणून घड्याळ.

माझा नवरा ह्या शेडमध्ये पाऊल टाकत नसे. त्याची कथा सासूबाईंनी मला सांगितली. तो लहान असताना सायकलची चेन पडली म्हणून पकड मागायला गेला. घरचे साधे पाने, पकडी तेव्हाही असेच टांगलेले. बाबा म्हणाले, "बिल्ला?" तो म्हणाला, "मी काय गिऱ्हाईक आहे? मी तुमचा मुलगा आहे." बाबा म्हणाले, "मुलगा आहेस म्हणून तर." दोघांपैकी कोणीच हटलं नाही. चेन पडलेली सायकल तो हाताने ढकलत शाळेत नेत राहिला, आणि शेवटी सासूबाईंनी गुपचूप दुकानातून दुरुस्त करून आणली. माझा नवरा आता मोठ्या ऑफिसात बसतो, गळ्यात फोटोचं कार्ड असतं, पण ती पकड त्याच्या मनातून गेली नव्हती. "आमच्या बाबांना माणूस कळत नाही, वस्तू कळते," असं तो म्हणायचा. हसत म्हणायचा, पण म्हणायचा.

मग आमची गाडी तापायला लागली. पाणी कमी होत होतं आणि धूर पांढरा येत होता. बाबांनी पुस्तकं काढली, चार दिवस वाचली आणि जेवताना जाहीर केलं, "हेडचं गॅस्केट गेलंय. हेड उतरवावं लागेल. मी उतरवणार."

इंजिनाचं हेड म्हणजे त्याचं झाकण, आणि गॅस्केट म्हणजे त्याखालचा, सांधा बंद ठेवणारा पातळ पत्रा. ते उतरवणं एक वेळ जमतं, पण परत बसवताना त्याचे बोल्ट सगळे सारख्या जोराने आवळावे लागतात. मधून सुरू करून बाहेर जायचं, थोडं थोडं, फेऱ्याफेऱ्याने. एक जास्त, एक कमी झाला की नवं गॅस्केटही गेलं. त्यासाठी टॉर्क रेंच लागतो. मुठीशी फिरवून जोर ठरवायचा, आणि तेवढा जोर लागला की पाना हातात 'कट्' असा आवाज करतो. तिथे थांबायचं. किंमत विचारू नका. मी विचारली होती.

"कोणाकडून तरी मागून आणा ना," मी म्हटलं.

ते खरंच गेले. पलीकडच्या रस्त्यावरच्या गॅरेजवाल्याने हसत हसत टॉर्क रेंच काढून दिला. बाबा तिथेच उभे. म्हणाले, "माझं काहीतरी ठेवून घ्या." तो म्हणाला, "अहो काका, न्या हो, लाजवताय काय!" बाबांनी घड्याळ काढून त्याच्या टेबलावर ठेवलं, त्याने परत त्यांच्या हातात कोंबलं. बाबा पाना घेऊन घरी आले, तो शेडमध्ये न नेता ओट्यावर ठेवला, चहा प्यायले आणि तसाच परत करून आले.

"का हो?" सासूबाईंनी विचारलं.

"आपलं हत्यार कोणाकडे गेलं हे ज्याला लक्षात ठेवावंसं वाटत नाही, त्याने ते जपलं नसणार. त्याच्या 'कट्'वर मी विश्वास कसा ठेवू?"

आणि दुसऱ्या आठवड्यात मेथीची जुडी आली, खाली लांबट खोका. त्या पान्याचं एक पथ्य होतं. काम झालं की मूठ उलटी फिरवून आतली स्प्रिंग सैल करायची, नाहीतर ती थकते आणि पुढे खोटं बोलते. बाबा ह्याला पाना निजवणं म्हणायचे. "निजवला का?" असं ते स्वतःलाच विचारायचे आणि मग दिवा घालवायचे.

हेड उतरलं. इंजिनाचे तुकडे बिस्किटांच्या डब्यांत गेले. आणि त्याच सुमाराला बाबांचं काहीतरी निसटायला लागलं. पहिल्यांदा नावं गेली, ते आम्ही हसण्यावारी नेलं. मग डबे. एकच डबा ते दिवसभर उघडायचे आणि झाकायचे. काम पुढे सरकेना. मला दिसत होतं, सासूबाईंनाही दिसत होतं, पण आम्ही दोघी मूग गिळून होतो.

एका सकाळी ते टॉर्क रेंचच्या रिकाम्या रेघेसमोर उभे होते. खिळ्याला घड्याळ लटकत होतं.

"कोणी नेला? मला न विचारता? हे कोणाचं घड्याळ आहे?"

मी घड्याळाकडे बघितलं, त्यांच्या रिकाम्या मनगटाकडे बघितलं. तोवर ते घड्याळ मुठीत धरून गल्लीत गेलेही. दारोदार. "हे तुमचं का? तुम्ही माझा पाना नेलात का?" मी मागून धावले. बेकरीवाल्याने घड्याळ हातात घेतलं, माझ्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "नाही हो आजोबा. पण विचारतो सगळ्यांना." शिकवणीवाल्या बाईंनी ते उलटं केलं, पाठीवरची अक्षरं वाचली आणि त्यांचे डोळे एकदम भरले. "आजोबा, सापडेल माणूस," त्या म्हणाल्या. "घरी ठेवा नीट, महागाचं दिसतंय." अख्ख्या गल्लीला ते घड्याळ ओळखू आलं, फक्त ज्याचं होतं त्याला नाही. आणि कोणी एक शब्द बोललं नाही. त्या दिवसापासून ह्या गल्लीविषयी मी वाईट ऐकून घेत नाही.

पाना मला गच्चीवर सापडला, टाकीच्या पंपाजवळ. पंपाचा साधा नट आवळायला त्यांनी तो महागडा पाना नेला होता. तो निजवलेला नव्हता. मी मूठ उलटी फिरवली, पदराने पुसला, तेल लावून जागेवर टांगला, आणि घड्याळ त्यांच्या उशाशी ठेवलं.

संध्याकाळी मी भाजी निवडत होते, तर ते येऊन समोर बसले. मनगटावर घड्याळ होतं. बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"हे माझंच होतं ना गं?"

खोटं बोलायला जीभ उचलली होती मी. नाही जमलं. "हो, बाबा."

"मीच नेला होता पाना."

"हो."

"कोणाला सांगू नकोस."

"अहो, अख्ख्या गल्लीला दाखवून आलात. मी आणखी कोणाला सांगू?"

ते हसले. मग मीही हसले, आणि हसता हसता दोघांच्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सासूबाई आतून म्हणाल्या, "कांदा चिरताय का दोघं?" भाजी मेथीची होती.

पुढच्या रविवारी अपघात झाला. व्हॉल्व्हची स्प्रिंग शिकंज्याने दाबून तिच्या डोक्याशी दोन इवल्याशा पाकळ्या बसवायच्या असतात, त्यांनी ती अडून राहते. बाबांनी एक बसवली, दुसरी तळहातातच राहिली, आणि त्यांनी शिकंजा काढला. स्प्रिंग सुटली. कानाजवळून जाऊन तिने शेडच्या खिडकीची काच फोडली. आवाज ऐकून माझा नवरा धावला. कितीतरी वर्षांनी त्याने शेडमध्ये पाऊल टाकलं, आणि बघतो तर बाबा काचांत उभे, तळहातावरच्या पाकळीकडे बघत, ही कुठली म्हणून.

"बास!" तो ओरडला. "डोळा गेला असता. जीव गेला असता. हे सगळं विकून टाकायचं. जुनी हत्यारं घेणाऱ्याला मी बोलावतो. शेडला कुलूप."

मी त्याच्याशी भांडले. फार भांडले. तो चुकत नव्हता, हेच तर वाईट होतं. भीतीने त्याचा आवाज चढला होता, मला कळत होतं. पण फळी उतरवली की बाबांना काय उरतं? ज्या भिंतीवर अजून सगळं जागच्या जागी आहे अशी ती एकच भिंत होती त्यांच्याकडे. डॉक्टरही म्हणाले होते, सवयीचं काम सुटू देऊ नका, पण एकटं सोडू नका.

"गाडी एवढी जुळू दे," मी शेवटी म्हटलं. "हात माझे लावते. ते नुसते बसतील आणि सांगतील. मग काय करायचं ते कर."

"गाडी जुळेपर्यंत," तो म्हणाला.

पाकळ्या आम्ही बसवल्या, म्हणजे मी बसवल्या आणि बाबांनी माझी बोटं मोजली. मग हेड चढवण्याचा दिवस आला. सासूबाई खुर्ची घेऊन दारात बसल्या. बाबा माझ्याशेजारी स्टुलावर. माझ्या हातात टॉर्क रेंच. कुकरच्या स्क्रूपलीकडे मी आयुष्यात काही आवळलं नव्हतं.

"मधून बाहेर," बाबा म्हणाले. "घाई नको. तो सांगेल कुठे थांबायचं ते."

कट्.

"झोप लागल्यासारखं ओढू नकोस, एका दमात ओढ."

कट्. कट्. चारेक बोल्ट झाले आणि बाबा थांबले. बोट हवेत. "आता... कुठला झाला गं?" त्यांच्या चेहऱ्यावर ती सकाळ परत यायला लागली, घड्याळाची. मला काहीतरी करायलाच हवं होतं. माझ्या पर्समध्ये लाँड्रीच्या चिठ्ठ्या होत्या, दोरा ओवलेल्या, आम्ही कपड्यांना बांधतो त्या.

"बाबा, जो झाला त्याला बिल्ला लावू."

ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांचा चेहरा असा उजळला की बस्स. पुढचं सगळं त्यांनीच केलं. मी आवळायची, 'कट्' ऐकू आलं की ते मान हलवायचे आणि त्या बोल्टवर चिठ्ठी ठेवायचे. फेरी पुरी झाली की सगळ्या चिठ्ठ्या गोळा करायचे, मोजायचे, मुठीत धरायचे. "चल, दुसरी पाळी." इंजिन गुलाबी चिठ्ठ्यांनी नटायचं आणि परत उघडं व्हायचं. शेवटच्या 'कट्'नंतर त्यांनी माझ्या हातातून पाना घेतला, मूठ उलटी फिरवली आणि माझ्याकडे बघितलं.

"निजवला," मी म्हटलं.

बाकीची जुळवाजुळव चालू राहिली, आणि एका शनिवारी सासूबाईंनी स्वतः चावी फिरवली, कारण ती जागा आपली आहे असं त्यांचं म्हणणं पडलं. इंजिन दोनदा खोकलं, आणि लागलं. पांढरा धूर नाही. सासूबाई स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाल्या, "सवतीनं काम केलं हो!" बाबा बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहिले. इंजिन गरम झालं तरी हात काढीनात. मी बघितलं, नवरा वरच्या खिडकीत उभा होता. खाली आला नाही.

हत्यारं घेणारा रविवारी सकाळी टेम्पो घेऊन आला. गाडी जुळली होती, आता मला बोलायला तोंड नव्हतं. नवरा त्याला शेडमध्ये घेऊन गेला. बाबा तिथेच होते, फळीसमोर, इस्त्रीचा शर्ट घालून. तो माणूस भल्या स्वभावाचा होता. "काका, छान ठेवलंय हो सगळं," म्हणाला आणि पुलरकडे हात नेला.

"बिल्ला?" बाबा म्हणाले.

"काय म्हणता?"

"न्या ना. हवं ते न्या. त्या जागी तुमची वस्तू टांगा."

त्याला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. हसत त्याने खिशातला कंगवा टांगला. बाबांनी पुलर पुसून त्याच्या हातात दिला. त्याने फीलर गेजकडे बघितलं, बाबांनी हात पुढे केला. त्याने रुमाल दिला. मग पेन. मग टेम्पोची चावी. मग त्याने शर्टाचे खिसे चाचपले, आणि बाबा शांतपणे हात पुढे करून उभे होते, कारखान्याच्या खिडकीत उभे असावेत तसे. घाई नाही, राग नाही. कोणाचंही काही हरवू द्यायचं नाही, एवढंच.

"साहेब," तो माणूस माझ्या नवऱ्याला म्हणाला, "मी विकत घेतोय, हे ह्यांना सांगा ना."

नवरा वडिलांच्या त्या पुढे केलेल्या हाताकडे बघत होता. मला वाटतं, त्याने त्यांना त्यांच्या कामावर असं कधी बघितलंच नव्हतं. फक्त पकड मागायला गेलेल्या पोराच्या उंचीवरून बघितलं होतं.

"राहू द्या," तो म्हणाला. "विकायचं नाहीये. तुम्हाला फेरीचं भाडं देतो."

बाबांनी एकेक हत्यार परत घेतलं, तेलाचा हात फिरवून लावलं, आणि चावी, पेन, रुमाल, कंगवा ज्याचं त्याला दिलं. टेम्पो गेल्यावर आम्ही नवा नियम केला. शेडमध्ये बाबा एकटे नाहीत. स्प्रिंगचा शिकंजा वरच्या खिळ्याला, हात पोचणार नाही असा. कोणी हत्यार न्यायला आलं की बाबा देणार. त्यांचं पानावर बसणं संपलं होतं, ते पुन्हा वाढायला लागले होते. सासूबाई हे बोलल्या तेव्हा त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

पुढे बाबा शेडबाहेरही वाट चुकायला लागले. संध्याकाळी कोणीतरी त्यांना फिरवून आणायचं ठरलं होतं. एकदा शिकवणीवाल्या बाई जाता जाता त्यांना सोबत घेऊन गेल्या, सासूबाईंना सांगायचं राहिलं, आणि आम्ही सगळी गल्ली पालथी घातली. परत आल्यावर मी बाईंना नको ते बोलले. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, आमच्या पुढच्या दाराच्या चौकटीवर त्यांनी एक खिळा ठोकला, त्याला आपल्या चष्म्याचं घर अडकवलं, आणि बाबांना म्हणाल्या, "चला आजोबा."

बाबांनी खिळ्याकडे बघितलं. "बरोबर आहे," म्हणाले. "काही न्यायचं असेल तर बिल्ला हवा."

आपणच ती नेण्याची वस्तू आहोत हे त्यांना कळलं की नाही, मला माहीत नाही. पण तेव्हापासून तीच रीत पडली. मी लाँड्रीतून येते, बाबांची खुर्ची रिकामी दिसते, आणि काळजाचं पाणी होण्याआधी नजर चौकटीकडे जाते. पिठाची टोपी असली की बेकरीकडे, पाव खात बसले असतील. चष्म्याचं घर असलं की बागेच्या बाजूला. मग मी चहा ठेवते.

परवा मी आले तर खुर्ची रिकामी, आणि खिळ्याला एक कार्ड. निळ्या फितीचं, फोटोचं. माझ्या नवऱ्याचं ऑफिसचं कार्ड, ज्याच्याशिवाय त्याला तिथलं फाटकसुद्धा उघडत नाही. मी पर्स हातातच धरून चौकटीशी उभी राहिले. सासूबाई आतून म्हणाल्या, "त्यानंच टांगलं. मी नाही सांगितलं हं."

दिवेलागणीला दोघं आले. नवऱ्याने बाबांचा हात कोपरापाशी धरला होता. दारात बाबा थांबले, सवयीने त्यांनी खिळ्यावरचा बिल्ला काढला आणि डोळ्यांजवळ नेला. फोटो बघितला. मग समोरच्या माणसाचा चेहरा बघितला. पुन्हा फोटो. गेले काही दिवस ते त्याला 'साहेब' म्हणत होते, आणि तो तोंड फिरवून 'बोला' म्हणत होता.

"अरे," बाबा म्हणाले, "हा तर तू."

"हो, बाबा. मीच."

बाबांनी कार्ड त्याच्या हातात ठेवलं आणि त्याची मूठ आपल्या हातांनी बंद केली. "तुला कशाला रे बिल्ला? तू घरचा ना."

ह्या एका वाक्यासाठी तो लहानपणी चेन पडलेली सायकल ढकलत शाळेत गेला होता. त्याने बाबांना खुर्चीत बसवलं, त्यांच्या चपला काढल्या, पाय पुसले, आणि आत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसातून लवकर आला. बाबा तयार होऊन बसले होते. त्याने गळ्यातलं कार्ड काढून खिळ्याला टांगलं.

"अरे, काल म्हणाले ना ते, तुला नको म्हणून," मी म्हटलं.

"असू दे," तो म्हणाला. "त्यांना लागेल, मी कोण ते बघायला."